वाद घाला, पण बाबासाहेबांसारखा!

रात्रीचे अकरा वाजून गेलेले असतात. कल्याण पूर्वेच्या चाळीत, डोंबिवलीच्या भाड्याच्या खोलीत, ठाण्याच्या वागळे इस्टेटमागच्या वस्तीत घरातली माणसे आडवी झालेली असतात आणि आमचा एखादा तरुण भिंतीला पाठ टेकून मोबाइलवर बोटे चालवत असतो. तो कुणाशी तरी भांडत असतो. ज्याच्याशी भांडतो त्याचे खरे नाव त्याला ठाऊक नसते, गाव ठाऊक नसते, चेहरा तर नसतोच. समोरच्याने सुरुवात केलेली असते, "तुमच्या बाबासाहेबांची पुस्तके तुम्ही तरी विकत घेऊन वाचता का, की तीही चोरून, फुकटच?" मग तिथून विषय वीजबिलावर जातो, वीजबिलावरून सौर योजनेवर, तिथून राजकारणावर आणि शेवटी जातीवर. शेवटी जातीवर येणे ठरलेलेच! सकाळी सहाच्या गाडीला हा तरुण उभ्या उभ्या डुलक्या घेत कामाला जातो. रात्रीच्या लढाईत काय जिंकलास, असे विचारले तर त्याला सांगता येत नाही.

आम्ही त्याला दोष देत नाही. ज्या समाजाला हजारो वर्षे तोंड उघडू दिले नाही, त्या समाजाच्या पोराने वाद घालू नये, असे कोण म्हणेल? बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी पहिले पाक्षिक काढले त्याचे नावच मुळी 'मूकनायक' होते. त्यासाठी पैसा उभा करताना आणि अंक चालवताना काय यातायात पडली, हे चळवळीतल्या माणसाला सांगायला नको. आज प्रत्येकाच्या खिशात बोलण्याचे साधन आले आहे. तेव्हा प्रश्न वाद घालावा की घालू नये, हा नाहीच. कुणाशी, कशासाठी आणि कसा घालावा, हा प्रश्न आहे आणि तो आम्हाला महत्त्वाचा वाटतो.

नामांतराच्या काळात आम्हीही अनोळखी माणसांशी पुष्कळ भांडलो. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. मधली साडेपंधरा वर्षे कल्याणहून व्ही.टी.ला जाणाऱ्या गाडीच्या डब्यात या विषयावर रोज खडाजंगी होत असे. समोर बसलेला माणूस परकाच असायचा. पण तोच माणूस उद्या, परवा, तेरवा पुन्हा त्याच डब्यात भेटायचा. त्यामुळे काल बोललेले आज नाकारता येत नसे आणि काल दिलेली शिवी आज आठवून लाज वाटत असे. एक गृहस्थ नामांतराला शेवटपर्यंत विरोध करत राहिले. त्यांचे मत आम्हाला बदलता आले नाही. पण दोन वर्षांनी ते डोंबिवलीला आमच्यासाठी चौथी सीट धरून ठेवू लागले. वादातून एवढे जरी साधले, तरी ते कमी नाही, असे आम्ही मानतो.

मोबाइलमधला परका मात्र उद्या भेटत नाही. तो पळून जातो, नाव बदलून परत येतो, आणि मागे राहते ते फक्त आपण लिहिलेले. आपले लिहिलेले कुठे जात नाही, हे आमच्या तरुणांनी ध्यानात घ्यावे.

ठाणे जिल्ह्याने पाहिलेले दोन खटले

हे सांगायला लांबचे दाखले नकोत. २००८ साली केरळमधल्या १९ वर्षांच्या, संगणकाचे शिक्षण घेणाऱ्या एका विद्यार्थ्यावर ठाण्यात गुन्हा नोंदला गेला. त्याने ऑर्कुटवर शिवसेनेच्या विरोधात एक गट उघडला होता. त्यात लिहिणारे अनेक होते, पण गुन्हा गट उघडणाऱ्यावर आला. तो रद्द करावा म्हणून तो सर्वोच्च न्यायालयात गेला. फेब्रुवारी २००९ मध्ये न्यायालयाने नकार दिला आणि त्याने महाराष्ट्रातल्या न्यायालयापुढे जावे, असे सांगितले. केरळातल्या खोलीत बसून लिहिलेल्या शब्दाचा हिशेब ठाण्यात!

दुसरा खटला पालघरचा. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होते. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर पाळलेल्या बंदबद्दल एका तरुणीने फेसबुकवर प्रश्न विचारला. दुसरीने फक्त पसंतीचा अंगठा दिला. दोघींना अटक झाली. एकीच्या काकांचा दवाखाना जमावाने फोडला. पुढे पोलिसांनी प्रकरण बंद केले, पण त्यातून देशभर जो संताप उसळला त्यातून श्रेया सिंघल ही याचिका उभी राहिली आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६ अ हे कलमच घटनाबाह्य ठरवले. बाबासाहेबांच्या संविधानातले १९ वे कलम असे कामाला येते. ठाणे जिल्ह्यातल्या दोन मुलींमुळे साऱ्या देशाला थोडा मोकळा श्वास मिळाला, याची नोंद घेतली पाहिजे.

परंतु ६६ अ गेले म्हणजे सारे रान मोकळे झाले, असे समजू नये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत गटागटांत वैर पसरवण्याबद्दलचे १९६ वे आणि धार्मिक भावना दुखावण्याबद्दलचे २९९ वे कलम आहे. रेल्वेच्या, पोलिसांच्या, बँकेच्या भरतीसाठी रात्रीचा दिवस करणाऱ्या आमच्या मुलावर एक गुन्हा नोंदला गेला की चारित्र्य पडताळणीत तो उभा राहतो. ज्याने चिथावले तो खोटे नाव घेऊन नामानिराळा आणि आमचा पोर पोलीस ठाण्याच्या बाकावर! हे नुकसान एका घराचे नसते. त्या घरातली शिकलेली पहिली पिढीच त्यात अडकते.

चोर कोण?

आता त्या पहिल्या टोमण्याकडे येऊ. बाबासाहेबांचे ग्रंथ फुकट उतरवून वाचणे ही चोरी आहे काय? कायदा काय म्हणतो ते पाहावे. स्वामित्वहक्काचा कायदा १९५७ चा. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क राहतो आणि ही वर्षे पुढच्या जानेवारीपासून मोजतात. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ चे. म्हणजे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले ग्रंथ १ जानेवारी २०१७ पासून सर्वांचे झाले. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ १९५७ साली, त्यांच्या पश्चात निघाला. त्याची मुदत एक वर्षाने संपली. मात्र 'रिडल्स'सारखे जे लेखन १९८७ साली प्रथम छापले गेले, त्याची ६० वर्षे प्रकाशनापासून धरली जातात. इतका तपशील ठाऊक असलेल्या मुलाला कुणी चोर म्हणून दाखवावे! शिवाय केंद्र सरकारच्या परराष्ट्र मंत्रालयानेच इंग्रजी खंड संकेतस्थळावर सर्वांसाठी खुले ठेवले आहेत. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या झेरॉक्स दुकानावर परदेशी प्रकाशकांनी दावा लावला, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ साली शिक्षणासाठीच्या प्रतींना कायद्याची मुभा आहे, असाच निकाल दिला.

मुळात आमच्या माणसावर नकलेची वेळ का आली? राज्य सरकारने १९७६ साली चरित्र साधने प्रकाशन समिती नेमली. वसंत मून यांच्या संपादनाखाली १४ एप्रिल १९७९ रोजी पहिला खंड निघाला. हे काम ऐतिहासिकच आहे. पण पुढे खंड संपले की पुन्हा छापायला वर्षानुवर्षे लागू लागली. दादरला चैत्यभूमीवर आणि नागपूरला दीक्षाभूमीवर लोक रांगा लावून विचारतात आणि 'खंड शिल्लक नाही' हे उत्तर ऐकून परततात. २०२१ साली वृत्तपत्रातील बातमीवरून मुंबई उच्च न्यायालयाला छपाईच्या या रखडपट्टीची स्वतःहून दखल घ्यावी लागली. सरकार छापत नाही आणि लोकांनी छापले तर ते चोर, हा कुठला न्याय?

इथवर आम्ही समोरच्याला उत्तर दिले. आता जरा आपल्या घरात पाहू या. भीमगीतांचे काय? नव्वदच्या दशकात कल्याण स्टेशनाबाहेरच्या फुटपाथवर भीमगीतांच्या कॅसेटी मिळत. एक कॅसेट घरी आणली की वस्तीत तिच्या दहा नकला होत. नंतर सीडी आली, मेमरी कार्ड आले, आता तर काही विकत घ्यायचीच गरज नाही. त्या गाण्यांनी चळवळ जिवंत ठेवली, हे शंभर टक्के खरे. पण ते गाणे लिहिणाऱ्याच्या घरात काय शिजले, हे आम्ही कधी विचारले काय? सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीला १९२२ साली जन्मलेले लोककवी वामनदादा कर्डक गावोगाव हिंडले, त्यांची गाणी घराघरात गेली. २००४ साली ते गेले. आजही त्यांचे गाणे दुसऱ्याच्या नावावर, नाहीतर बिननावाचे, सर्रास वाजते.

शिर्डीत मे २०१५ मध्ये आमच्या एका नर्सिंगच्या विद्यार्थ्याच्या मोबाइलवर भीमगीताची रिंगटोन वाजली, त्यावरून वाद झाला आणि त्याचा निर्घृण खून झाला. ज्या गाण्यापायी पोराचा जीव गेला, ते गाणे लिहिणाऱ्याचे नाव आमच्यातल्या किती जणांना ठाऊक आहे? २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांना स्वामित्वधनात सम वाटा दिला आहे आणि तो त्यांच्याकडून लिहून घेता येत नाही. हा कायदा आमच्या किती शाहिरांना कुणी समजावून सांगितला? म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. बाबासाहेबांचा विचार सर्वांना मुक्त असावा. पण शाहिराचा घाम फुकट असू नये. जयंतीच्या मंडळाने ध्वनिक्षेपकाला हजारो रुपये मोजावेत आणि गाणाऱ्याला शाल-नारळावर बोळवावे, ही चोरी आमची आहे. परक्याने दाखवून दिली म्हणून ती खोटी ठरत नाही.

उजेड कुणाच्या घरी?

दुसरा विषय विजेचा. समोरचा म्हणतो, सौर ऊर्जा म्हणजे श्रीमंतांचे खूळ. तुम्हाला त्यातले काय कळते? तर त्याला सांगावे, या देशात वीज स्वस्त आणि मुबलक झाली पाहिजे, ती सरकारच्या हाती राहिली पाहिजे, हे धोरण ज्यांनी मांडले ते १९४२ ते १९४६ या काळातले मजूरमंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. २५ ऑक्टोबर १९४३ च्या बैठकीत त्यांनी विजेचा प्रश्न थेट दारिद्र्याशी जोडला. उद्योग वाढले तरच शेतीवरचा भार हटेल आणि वीज असेल तरच उद्योग वाढतील, हे त्यांचे सूत्र. केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ त्यांच्याच काळात १९४४ साली उभे राहिले. दामोदर आणि हिराकूडच्या योजनांची आखणीही त्याच काळातली. पाण्यापासून वीज ही न संपणारी ऊर्जा आहे, हे आजचे विद्वान सांगतात. बाबासाहेबांनी तो विचार ८० वर्षांपूर्वी केला.

आमच्या भागाला तर विजेचे मोल वेगळे सांगायला नको. ठाकुर्लीच्या चोळा पॉवर हाऊसने १९२९ पासून कोळसा जाळून रेल्वेला वीज दिली. तीच रेल्वे आम्हाला मुंबईला नेऊ लागली. आणि २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत मुंबई शहर झगमगत असताना कल्याण-डोंबिवलीत मुले मेणबत्तीवर दहावीचा अभ्यास करत होती. केंद्राच्या सौर शहर योजनेत ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही शहरांची निवड झाली. नव्या इमारतींच्या गच्चीवर सौर बंब दिसू लागले. चांगलेच झाले. पण चाळीच्या आणि झोपडपट्टीच्या पत्र्यावर काय दिसले? निळी ताडपत्री!

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राची सूर्यघर योजना आली. एक किलोवॅटला ३० हजार रुपये, तीन किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान. एक किलोवॅटसाठी साधारण १०० चौरस फूट सावली न पडणारे छप्पर लागते आणि दिवसाला चारेक युनिट वीज मिळते. गणित सरळ आहे. पण ज्याचे छप्परच त्याच्या मालकीचे नाही, तो भाडेकरू, तो झोपडीधारक, तो अनधिकृत इमारतीतला खोलीवाला, त्याने पॅनेल कुठे लावायचे? अनुदान छपराला आहे, माणसाला नाही. आमचा विरोध सूर्याला नाही, या हिशेबाला आहे.

गावाकडे पाहिले तर हाच प्रश्न जमिनीचा होतो. कल्याण-डोंबिवलीतला आमचा बहुसंख्य समाज मराठवाडा, खानदेश, नाशिक, नगरकडून आलेला. तिकडे मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत जमीन भाड्याने देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये ठरले आहेत. ज्याच्याकडे जमीन आहे त्याला पैसा. भूमिहीनाला काय? उलट या प्रकल्पांसाठी सरकारी आणि गायरान जमिनी दिल्या जातात. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली ज्या भूमीसाठी हजारोंना तुरुंगात नेले, तीच ही जमीन. १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानावरची वहिवाट नियमित करण्याचा शासन निर्णय असूनही आमची अनेक कुटुंबे सातबाऱ्याची वाट पाहत आहेत. तेव्हा सौर ऊर्जेवर वाद घालायचा तर इथून घाला. छप्पर कुणाचे, जमीन कुणाची आणि उजेड कुणाच्या घरी?

जळालेला डबा आठवतो, मेलेली माणसे आठवत नाहीत

तिसरा विषय राजकारणाचा, आणि तिथे आमच्या तरुणाचा तोल सर्वात लवकर जातो. समोरचा हमखास म्हणतो, "गाड्या जाळणारे तुम्हीच ना?" ३० नोव्हेंबर २००६ रोजी कानपूरला बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाल्यावर उल्हासनगरजवळ डेक्कन क्वीनचे डबे जळाले. ही घटना खरी आहे. आम्ही तिचे समर्थन केलेले नाही, आजही करत नाही. त्या गाडीत आमचीही माणसे होती. पण त्याच्या दोनच महिने आधी, २९ सप्टेंबर २००६ रोजी, भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातली चार माणसे मारली गेली आणि कित्येक दिवस प्रस्थापित वृत्तपत्रांना त्याचा पत्ता नव्हता. २००८ साली सत्र न्यायालयाने सहा जणांना फाशी सुनावली, २०१० साली उच्च न्यायालयाने ती २५ वर्षांच्या कारावासावर आणली, आणि दोन्ही न्यायालयांनी अ‍ॅट्रॉसिटी कायदा लागू धरला नाही. ही तारीखवार मांडणी समोर ठेवली की शिवी द्यायची गरज उरत नाही. शिवी दिली की मात्र तारखा मागे पडतात आणि शिवीच पुढे जाते. समोरच्याला नेमके तेच हवे असते.

आता वाद कसा घालावा, हे बाबासाहेबांकडूनच शिकू या. १९३६ साली लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळाने त्यांचे भाषण रद्द केले. त्यांनी ते स्वखर्चाने छापले. दीड हजार प्रती दोन महिन्यांत संपल्या. गांधीजींनी 'हरिजन'मध्ये त्यावर टीका केली. आठ आणे किंमत जास्त आहे, ती दोन किंवा फार तर चार आणे ठेवायला हवी होती, असाही शेरा मारला. बाबासाहेबांनी काय केले? १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत गांधीजींचे लेख छापले आणि त्यांच्या शेजारी आपले उत्तर छापले. विरोधकाचे म्हणणे त्याच्याच शब्दांत आपल्या ग्रंथात! दोन्ही वाचा आणि ठरवा, असा हा आत्मविश्वास. आज समोरच्याचे अर्धे वाक्य कापून त्यावर तुटून पडणाऱ्यांनी, आणि बाबासाहेब कधी बोललेच नाहीत अशी वाक्ये त्यांच्या फोटोखाली छापून पुढे ढकलणाऱ्या आपल्याच बांधवांनी, यावरून काही घ्यावे. तथागतांनी कालामांना, कुणी सांगितले म्हणून मानू नका, असा उपदेश केला; तो फक्त विरोधकांसाठी नव्हता.

म्हणून आमचे तरुणांना सांगणे आहे. वाक्य बाबासाहेबांचे असेल तर खंड आणि पान सांगा, ठाऊक नसेल तर पाठवू नका. समोरच्याचे खरे असेल ते मान्य करा. त्याने आपण लहान होत नाही. जो नाव लपवून आईबहिणीवर येतो त्याला उत्तर देऊ नका, धमकी देत असेल तर मजकूर जपून ठेवा आणि वकील गाठा. आणि रात्री अकराला उत्तर सुचले तर सकाळच्या गाडीत पुन्हा वाचा, मग पाठवा.

आणि समाजाला सांगणे असे की या पोरांना एकटे लढायला सोडू नका. ठाणे, कळवा, डोंबिवली, कल्याण, उल्हासनगर इथे विहारांची उणीव नाही. महिन्यातला एक रविवार वंदनेनंतर दोन तास या विषयांना द्या. एखाद्या रविवारी वकिलाला बोलवा, एखाद्या रविवारी वीज कंपनीतून निवृत्त झालेल्या आपल्या माणसाला, एखाद्या रविवारी शाहिराला, आणि शाहिराला मानधन पाकिटात घालून सन्मानाने द्या. विहाराच्या गच्चीवर सावली पडत नसेल तर ती मोजा. विहाराचे छप्पर तरी समाजाच्या मालकीचे आहे, सौर पॅनेलची सुरुवात तिथून होऊ शकते. ज्यांच्याशी मोबाइलवर भांडता त्यांपैकी कुणी याच शहरातला निघाला तर त्यालाही चहाला बोलवा. येईल न येईल, पण आला तर त्याला चेहरा असेल, आणि पुढच्या रविवारी तो कदाचित आपल्यासाठी खुर्ची धरून बसलेला दिसेल.

जयभीम!